सुटलेला टब कुठे अडवायचा?

उसाचा हंगाम सुरू झाला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतले रस्ते ट्रॅक्टरांनी भरून जातात. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येताना किंवा पाटसच्या आसपास तुम्ही हे दृश्य अनेकदा पाहिले असेल. पुढे ट्रॅक्टर, मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. चढावर ट्रॅक्टर धापा टाकू लागतो, थांबतो, आणि त्याच क्षणी एक माणूस खाली उडी मारतो व हातातला दगड मागच्या चाकाखाली सरकवतो. ट्रॉली मागे जाऊ लागल्यावर तो दगड शोधायला धावत नाही. दगड आधीपासूनच त्याच्या हातात असतो.

हा माणूस एवढी घाई का करतो? दोन-चार सेकंद उशीर झाला तर काय बिघडेल? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळवायचे असेल तर आपल्याला थोडे लांब, म्हणजे चंद्रपूर-नागपूरकडील भूमिगत कोळसा खाणींत जावे लागेल. तिथे हाच प्रश्न अंधारात, अरुंद बोगद्यात आणि लोखंडी रुळांवर उभा राहतो, आणि तिथे चुकलेल्या उत्तराची किंमत माणसाच्या हातापायांनी, कधी प्राणांनी मोजावी लागते.

शिरूर-दौंडला कोळशाची खाण का नाही, हे आधी पाहू. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा काळा खडक म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे ते थर आहेत. दगडी कोळसा त्याहून कितीतरी जुना. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील वनस्पती गाळाखाली गाडल्या गेल्या, त्यांचा तो झाला. हे जुने थर वर्धा आणि कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत जमिनीजवळ सापडतात. म्हणून महाराष्ट्राचा कोळसा विदर्भात आहे. वरोऱ्याला १८७० नंतरच्या दशकात खाण सुरू झाली. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर शहरालगतचे दुर्गापूर रयतवारी, नागपूर जिल्ह्यातील सिलेवाडा, सावनेर अशी नावे या यादीत आली. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली कोल इंडिया ही कंपनी स्थापन झाली. या भागातील बहुतेक खाणी तिच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या उपकंपनीकडे आहेत आणि तिचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे.

जमिनीखालचा रस्ता

भूमिगत खाण म्हणजे एक मोठे विवर, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती एखाद्या गावासारखी असते. कोळशाच्या थरातच आडवे-उभे बोगदे काढलेले असतात आणि त्यांच्यामध्ये कोळशाचेच मोठे चौकोनी खांब छत पेलण्यासाठी ठेवलेले असतात. या बोगद्यांना गॅलरी म्हणतात. तिची रुंदी पाच मीटरांपेक्षा कमी आणि उंची जास्तीत जास्त तीन मीटरांच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमी. कोळशाचा थर सहसा एका बाजूला कललेला असतो, त्यामुळे थराबरोबर गॅलरीही उतरत जाते. खाणकामगार अशा उतरत्या रस्त्याला डिप म्हणतात आणि चढत्याला राइज.

आता या उतरत्या रस्त्यावर रूळ टाका. त्यावर चार चाकांचे लोखंडी डबे ठेवा. यांना टब म्हणतात. एका टबात साधारण एक टन कोळसा मावतो. वर एक मोठे विद्युत रहाट बसवा आणि जाड पोलादी दोराने टबांची माळ वर ओढा. हीच हॉलेज पद्धत. आपल्या विहिरीवरच्या मोटेचेच हे मोठे भावंड आहे म्हणा ना! दोन प्रकार मुख्य. एकात दोर टबांना बांधून सरळ वर ओढतात आणि रिकामे टब त्याच दोरावर खाली सोडतात. दुसऱ्यात दोराचे मोठे वेटोळे सावकाश, माणसाच्या चालीने अखंड फिरत असते आणि क्लिप लावून टब त्याला अडकवतात. टब जोडणारा, ढकलणारा कामगार म्हणजे ट्रामर. क्लिप लावणारा तो क्लिपमन. रहाट चालवणारा वर असतो, त्याला खालचे काही दिसत नाही. एका तारेने घंटा वाजवून त्याला इशारे द्यायचे. दोर चालू असताना एक ठोका पडला की त्याने थांबायचे, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा इशारा.

आता पट्ट्यांच्या साहाय्याने कोळसा वाहून नेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी झाली आहे. पण दोर आणि टब ही जोडी भारतीय खाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबली, आणि तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

साठ मीटरांचे गणित

समजा उतार एकास सहा आहे. म्हणजे रुळावरून सहा मीटर गेलो की आपण एक मीटर खाली उतरतो. कोळशासह टबचे वस्तुमान दीड टन, म्हणजे १५०० किलोग्रॅम धरू. उताराच्या माथ्यावर टबची कडी नीट बसली नाही आणि तो सुटला. साठ मीटर खाली एक कामगार रुळांच्या दुरुस्तीचे काम करतो आहे.

साठ मीटर उतारावर टब १० मीटर खाली येईल. घर्षण तूर्त सोडून देऊ. वेगाचा वर्ग = २ × ९.८ × १० = १९६. म्हणून वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. चाकांच्या घर्षणात थोडी ऊर्जा खर्च झाली तरी ताशी ४५ किलोमीटरांच्या पुढे वेग राहतोच. बोगद्यात, जिथे बाजूला व्हायला हातभर जागा नाही, तिथे दीड टन लोखंड आणि कोळसा या वेगाने येतो.

या सगळ्याला वेळ किती लागला? उतारावरील त्वरण ९.८ भागिले ६, म्हणजे सुमारे १.६ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद. साठ मीटर जायला साडेआठ सेकंद लागतात. पण या साडेआठ सेकंदांतला पहिला सेकंद वेगळा काढून पाहा. पहिल्या सेकंदात टब जेमतेम ८० सेंटिमीटर सरकतो. एक मीटर उतरेपर्यंत त्याची गतिज ऊर्जा असते सुमारे २,४५० ज्यूल. साठ मीटर उतरल्यावर ती होते १,४७,००० ज्यूल, म्हणजे बरोबर साठपट.

इथेच त्या दगडवाल्या माणसाच्या घाईचे उत्तर आहे. पहिल्या मीटरभरात एक लाकडी ओंडकाही टब अडवू शकतो. शेवटच्या मीटरात तोच ओंडका काडीसारखा मोडेल. उतारावर सुटलेली वस्तू अडवण्याची जागा खाली, माणसापाशी नसते. ती वर, सुरुवातीपाशी असते. अपघात घडला ती जागा आपण तळाशी पाहतो, कारण जखमी माणूस तिथे सापडतो. पण अपघाताचा उगम साठ मीटर वर असतो.

अडसर, दांडा आणि कोनाडा

खाणीतील सुरक्षेची जुनी साधने पाहिली की हे गणित ती करणाऱ्यांना किती पक्के ठाऊक होते याचे नवल वाटते. उताराच्या माथ्यावर रुळांवर आडवा येणारा एक जड अडसर असतो, त्याला स्टॉप ब्लॉक म्हणतात. टब जोडला, दोर ताणला गेला, इशारा दिला आणि मगच अडसर उघडायचा. टब गेला की लगेच मिटायचा. त्याच्या थोडे खाली पळत्या टबाला रुळावरून बाजूला काढणारा सांधा असतो. टब तिथे कलंडतो, कोळसा सांडतो, नुकसान होते. पण खालचा माणूस वाचतो.

वर चढणाऱ्या माळेसाठी वेगळी युक्ती आहे. शेवटच्या टबच्या मागे एक लोखंडी दांडा लोंबकळत, जमिनीवर घासत येतो. दोर तुटला आणि टब मागे सरकू लागला की दांड्याचे टोक जमिनीत रुतते आणि टब जागच्या जागी रुळावरून उतरतो. या दांड्याला डोळे नाहीत, झोप नाही, पाळी संपण्याची घाई नाही. दोर तुटल्याचे त्याला कोणी कळवावे लागत नाही. टबचे मागे येणे हाच त्याला मिळणारा निरोप. माझ्या मते सुरक्षेच्या साधनांत सर्वांत सुंदर साधन हेच.

आणि तरीही एखादा टब सुटून खाली आलाच तर? त्यासाठी बोगद्याच्या भिंतीत कोनाडे कोरलेले असतात. ते आतून-बाहेरून चुन्याने पांढरे करतात, म्हणजे टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात ते चटकन दिसावेत. आपल्या देशात कोळसा खाणींसाठी १९५७ साली सविस्तर नियम झाले. त्यांत असे सांगितले होते की उतार सौम्य असेल तर हे कोनाडे जास्तीत जास्त वीस मीटरांवर आणि तीव्र असेल तर दहा मीटरांवर असावेत. हे आकडे कुठून आले असतील? आपल्याच उदाहरणावर ते लावून पाहू.

टब सुटल्याचा आवाज ओळखायला आणि वळून पाहायला खालच्या माणसाला तीन सेकंद लागले असे समजा. साडेआठातून तीन गेले, उरले साडेपाच. गमबूट घालून, स्लीपरांवरून, अंधारात माणूस सेकंदाला फार तर पावणेदोन मीटर जाईल. कोनाडे वीस मीटरांवर असतील तर सर्वांत लांबचा माणूस कोनाड्यापासून दहा मीटर दूर असेल. त्याला पोहोचायला जवळजवळ सहा सेकंद हवेत. साडेपाचच आहेत! कोनाडे दहा मीटरांवर असतील तर त्याला पाचच मीटर जायचे आहे आणि तीन सेकंदांत तो आत असेल. नियमातील रुक्ष आकड्यामागे अशी एक शर्यत दडलेली असते. म्हणून कोनाड्यात कुणी जुने स्लीपर किंवा दोराची वेटोळी रचून ठेवली तर तो निव्वळ अव्यवस्थितपणा नसतो. त्याने कुणाचे तरी तीन सेकंद घेतलेले असतात.

माणसांनी ये-जा करायचा रस्ता हॉलेजपासून वेगळा ठेवावा, हा नियम या सगळ्यांच्या वरचा. माणूस उतारावर नसेलच तर सुटलेला टब फक्त कोळसा सांडेल.

दोष कोणाचा?

खाणीतील मोठी दुर्घटना सगळ्यांना माहीत होते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. ती बातमी जगभर गेली. पण टबाने पाय चिरडला, दोन टबांच्या मध्ये बोटे सापडली, फिरत्या दोराने माणसाला ओढले, या घटना एकेकट्या घडतात. त्यांची बातमी होत नाही. त्यांची नोंद मात्र होते. खाणींच्या सुरक्षेवर देखरेख करणारे सरकारी खाते १९०२ साली कोलकात्यात सुरू झाले आणि १९०८ साली धनबादला गेले. त्याचे आजचे नाव खाण सुरक्षा महासंचालनालय. ते अपघातांची कारणांनुसार विभागणी करते. छत किंवा भिंत कोसळणे, दोराची वाहतूक, इतर वाहने, यंत्रे, स्फोटके, वीज, वायू असे त्याचे रकाने असतात. भूमिगत खाणींत छत कोसळण्याच्या बरोबरीने वाहतूक आणि यंत्रे हे रकाने वर्षानुवर्षे भरत आले आहेत. दुखापतींच्याही पायऱ्या आहेत. हाड मोडणे, बोटाचे पेर किंवा कोणताही अवयव गमावणे, कायमचे अधूपण, या गंभीर दुखापती. ज्यामुळे कामगाराला ठरावीक काळाहून अधिक कामावर येता आले नाही, अशा दुखापतीही कळवाव्या लागतात.

या नोंदींच्या शेवटी कारणाच्या जागी "कामगाराचा निष्काळजीपणा" असे शब्द लिहून मोकळे होणे सोपे असते. पण जरा विचार करा. समजा एका पाळीत ऐंशी टब जातात. प्रत्येक टबासाठी अडसर एकदा उघडायचा, एकदा मिटायचा, म्हणजे एकशे साठ हालचाली. ऊन नाही, घड्याळ दिसत नाही, हवा दमट, आणि वरून "चला, चला" असा तगादा. अशा वेळी एखादा ट्रामर अडसर तारेने उघडाच बांधून ठेवतो. एकशे एकोणसाठ वेळा काही होत नाही. नियम त्याने मोडला हे खरे. पण ज्या अडसराला प्रत्येक वेळी माणसाच्या आठवणीची गरज लागते, तो अडसर निम्माच झाला. टब स्वतःच्या चाकाने उघडील आणि टब पुढे जाताच आपल्या वजनाने परत मिटेल असा अडसर बनवता येतो, आणि तसे बनवलेही गेले आहेत. माणसाला शिस्त लावावी हे मान्य, पण त्याआधी यंत्राला शिस्त लावावी.

याचे उत्तम उदाहरण पाहायला दौंडच्या मुलांना फक्त स्टेशनपर्यंत जावे लागेल. पूर्वी रेल्वेचे दोन डबे जोडायचे तर एक माणूस दोन डब्यांच्या मधल्या जागेत शिरून साखळी अडकवत असे आणि स्क्रू फिरवून ती आवळत असे. मागून इंजिनाने जरा जास्त धक्का दिला की तो बफरांच्या मध्ये चेंगरला जाई. अमेरिकेत या कामात इतकी माणसे अपंग झाली की तेथे १८९३ साली कायदा करून, माणसाला डब्यांच्या मध्ये न जाता जोडता-सोडवता येतील असे आपोआप जुळणारे कप्लर सक्तीचे करावे लागले. आज दौंड यार्डातून जाणाऱ्या मालगाडीचे डबे पाहा. मधोमध पंजासारखा एक जाड कप्लर दिसेल. दोन डबे हलके एकमेकांवर आले की पंजे आपोआप गुंततात. सोडवायचा दांडा डब्याच्या बाजूला असतो. इथे कामगार अधिक सावध झालेला नाही. त्याला त्या जागी जाण्याचे कारणच उरलेले नाही.

नवी यंत्रे, नव्या जागा

भूमिगत खाणीत पूर्वी कोळसा टोपल्यांत भरून टबांत टाकत. हे कष्ट कमी करण्यासाठी भरणी यंत्रे आली. एसडीएल नावाचे यंत्र रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालते आणि कोळशाने भरलेले आपले सूप बाजूला रिकामे करते. एलएचडी हे यंत्र कोळसा भरते, स्वतःच वाहून नेते आणि टाकते. टोपली गेली, त्याबरोबर कंबरडे मोडणारे काम गेले, हे चांगलेच झाले. मात्र पाचएक मीटर रुंदीच्या गॅलरीत आता कित्येक टनांचे एक वाहन मागे-पुढे करू लागले. बसलेल्या चालकाला पुढे भरलेले सूप दिसते, मागे अंधार. त्याच्या टोपीचा दिवा एका झोताइतकेच दाखवतो. यंत्राच्या घरघरीत माणसाची हाक ऐकू येत नाही आणि वळताना यंत्राची मागची बाजू भिंतीकडे झुकते. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये जी हात-दीड हात जागा उरते तीच सर्वांत घातक. शिवाय अशा यंत्रांना वीज पुरवणारी जाड केबल मागे फरपटत असते, तिच्याकडेही पाहावे लागते.

याहून मोठे यंत्र म्हणजे कंटिन्युअस मायनर. दातेरी ढोल फिरवून ते कोळसा कापतच जाते. ते दूरनियंत्रकाने चालवतात, म्हणजे चालक यंत्रावर नसून जवळ उभा असतो. छताखालच्या धोक्यापासून त्याला दूर ठेवावे हा हेतू. पण यंत्र नीट दिसावे म्हणून तो जवळ सरकतो आणि एखादे चुकीचे बटण दाबले गेले की यंत्र आणि भिंत यांच्यात सापडतो. अमेरिकेत असे अपघात वारंवार झाल्यावर तेथील खाण सुरक्षा खात्याने २०१५ साली नियम केला. त्यानुसार २०१८ पर्यंत टप्प्याटप्प्याने या यंत्रांवर सान्निध्य ओळखणारी यंत्रणा बसवायची होती. तिचे तत्त्व तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकलेले आहे. यंत्रावरील वेटोळ्यांतून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडून भोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतात. कामगाराच्या अंगावर एक छोटा ग्राहक असतो. जवळ यावे तसे क्षेत्र तीव्र होत जाते. एका मर्यादेला दिवा लागतो व भोंगा वाजतो, आणि त्याहून जवळ आल्यास यंत्राची हालचाल आपोआप बंद होते. टबामागचा तो दांडाच पुन्हा, फक्त विजेचा!

आणखी एक धोका न सांगता पुढे जाणे बरे नाही. यंत्र बंद आहे, म्हणजे त्यात ऊर्जा नाही, असे नसते. वर उचलून ठेवलेल्या सुपात स्थितिज ऊर्जा असते, ताणलेल्या दोरात असते, तेलाच्या दाबात असते. दुरुस्तीसाठी सुपाखाली जाण्यापूर्वी ते खाली उतरवायचे किंवा खाली भक्कम टेकू द्यायचा, वीज तोडून स्विचला कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, ही खाणीतली रीत आहे. तुमच्या गावात हायड्रॉलिक ट्रॉली वर उचलून तिच्याखाली वाकून ग्रीस देणारा माणूस दिसला तर त्याला हे जरूर सांगा.

गुऱ्हाळापासून खाणीपर्यंत

दौंड तालुक्यात केडगाव, राहू, पारगाव या भागांत गुऱ्हाळे पुष्कळ आहेत. चरकाच्या लोखंडी लाटा फिरत असतात आणि त्यांत ऊस सारणाऱ्याचा हात लाटांपासून वीतभर अंतरावर असतो. खाणीतला कोळसा वाहणारा पट्टा जिथे ढोलावर चढतो, तिथली फट आणि ही लाटांमधली फट यांत काही फरक नाही. दोन्ही जागा आत ओढणाऱ्या आहेत. पट्टा सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल आणि बाही अडकल्यावर हात मागे घ्यायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात एक मीटर बाही आत गेलेली असते. माणसाचा हात एक मीटर लांबही नसतो. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस मळणी यंत्र फिरवणारा जो शाफ्ट असतो, तो साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यावर गुंडाळला गेला तर सेकंदात दोनएक मीटर कापड आत जाते. त्यावर आवरण बसवलेले नसेल तर केवळ "जपून हं" असे सांगणे निरुपयोगी आहे. निसर्गाने आपल्याला तेवढा चपळ बनवलेलाच नाही.

चिरडलेल्या अवयवाबद्दल एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४१ साली, लंडनवर बाँबवर्षाव चालू असताना, बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी एक विचित्र प्रकार नोंदवला. ढिगाऱ्याखाली पाय अडकलेली माणसे जिवंत बाहेर काढली जात, बरी वाटत, आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. पुढे उलगडा झाला तो असा. स्नायू बराच वेळ दाबला गेला की त्याच्या पेशी फुटतात. दाब काढताच त्यांतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचे तांबडे प्रथिन रक्तात मिसळते. पहिले हृदयाला घातक, दुसरे मूत्रपिंडांना. म्हणून टबाखाली असो वा ट्रॉलीखाली, पाय बराच वेळ दबून राहिला असेल तर वरून जखम किरकोळ दिसली तरी त्या माणसाला घरी नेऊन झोपवू नये, थेट रुग्णालयात न्यावे. लघवी तांबूस किंवा चहासारखी दिसली तर तेही डॉक्टरांना सांगावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब देऊन तो तसाच धरून ठेवावा. आणि यंत्रात अडकलेल्या माणसाकडे धावण्याआधी यंत्राचा पुरवठा तोडावा, नाहीतर दुसरा माणूसही अडकतो.

करून पाहा

आपण किती चपळ आहोत हे मोजायला एक फूटपट्टी पुरे. मित्राला ती उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमचा अंगठा आणि बोट न टेकवता तयार ठेवा. न सांगता त्याने पट्टी सोडली की पकडा. पट्टी वीस सेंटिमीटर खाली आली तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागले. आता हाच प्रयोग गप्पा मारताना किंवा पाढे म्हणताना करा आणि फरक लिहून ठेवा. लक्षात घ्या, इथे पट्टी पडणार हे तुम्हाला आधीच माहीत होते. खाणीतल्या माणसाला तेही माहीत नसते.

दुसऱ्या प्रयोगासाठी दीड मीटरची फळी एका टोकाला विटांवर टेकवा. खेळण्यातल्या ट्रकमध्ये वाळू भरा. फळीच्या तळाशी वाळूने भरलेली काड्यापेटी ठेवा. ट्रक आधी तळापासून दहा सेंटिमीटरांवरून आणि मग एक मीटर वीस सेंटिमीटरांवरून सोडा. काड्यापेटी किती सरकते ते दोन्ही वेळा मोजा. नंतर फळीवर गोणपाट ताणून लावा आणि ट्रकच्या मागे आइस्क्रीमची चपटी काडी चिकटपट्टीने अशी जोडा, की ती बिजागरीसारखी हलेल आणि मागे जमिनीवर घासत राहील. दोऱ्याने ट्रक वर ओढताना मध्येच दोरा कात्रीने कापा. काडी कोणत्या कोनात असली म्हणजे नीट रुतते, हे शोधायला तुम्हाला बराच वेळ लागेल. तसा तो लागू द्या.

शेवटी एक उदाहरण वहीत सोडवा. उसाने भरलेली ट्रॉली १० टनांची आहे, रस्त्याचा उतार एकास वीस आहे, आणि चढावर तिची पिन निसटली. घर्षण धरू नका. एक मीटर मागे आल्यावर तिची गतिज ऊर्जा ४,९०० ज्यूल होते, हे आधी पडताळून पाहा. मग चाळीस मीटर मागे आल्यावर ती किती होईल आणि वेग ताशी किती असेल, ते काढा. वेग ताशी साडेबावीस किलोमीटरांच्या जवळपास आला पाहिजे. घर्षण धरले तर तो याहून कमी येईल. किती कमी, हे ट्रॉलीच्या टायरांत हवा किती आहे आणि रस्ता डांबरी की मातीचा, यावर ठरेल.